केकला लावलेली पाच बोटं

मनोरमाकाकीचा फोन आला तेव्हा ऋतिकाचे दोन्ही हात क्रीमने बरबटलेले होते. भूपेशने फोन तिच्या कानाशी धरला.

"ऋतिका ना? मी सलोनीची मम्मी बोलतेय."

"बोला ना, काकी."

"हे बघ, सलोनीचा हट्ट म्हणून केक तुझ्याकडे दिलाय. माझं मन नव्हतं. साडेसातला केक कापायचाय. मुलाकडची माणसं अंडं खात नाहीत, माहितीये ना?"

"एगलेसच आहे, काकी. भांडीसुद्धा वेगळी घेतलीत."

"ते ठीक. पण केकला काही झालं, पडला, मोडला, उशीर झाला, तर मी काय समजायचं ते समजेन. तुझ्या सासूला पण सांग."

फोन बंद झाला. ऋतिका तशीच उभी राहिली. लग्न होऊन ती मुर्ध्याच्या या घरात आली त्याला सहा वर्षं झाली, आणि भूपेशची ही काकी तिच्याशी आज पहिल्यांदा बोलली होती. तेही असं.

"काय समजणार म्हणे?" तिने विचारलं.

"आपण मुद्दाम केलं, असं." भूपेशने फोन खिशात टाकला. "आपण म्हणजे आयनं."

"आणि आईंना सांगू का हे?"

"वेडी आहेस काय?"

सांगायची गरजच नव्हती. द्वारका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचे कान अजून शाबूत होते. गुडघ्यावर हात ठेवून वळली आणि ओट्यावरचं स्वच्छ भांडं पुन्हा घासायला घेतलं.

ऋतिकाला आता सासूकडे बघायला वेळ नव्हता. मे महिना, बाहेर ऊन असं की मिठागराकडून येणारा वारासुद्धा तापलेला. घरात एसी एकाच खोलीत, सासू-सासऱ्यांच्या. त्यामुळे सकाळी आठपासून सासू-सासरे ओटीवर आणि केक त्यांच्या खोलीत, अठरावर. तीन मजल्यांचा केक: खालचा दहा इंची, मधला आठ, वरचा सहा. खालच्या दोन्हींत जाड स्ट्रॉ उभे खोचलेले, वरच्याचं वजन पेलायला. तिन्ही वेगवेगळे न्यायचे आणि हॉलवर एकावर एक चढवायचे, हे तिने पन्नास वेळा भूपेशला बजावलं होतं. साखरेचे गुलाब वेगळ्या डब्यात. बाकी सगळा केक पांढराशुभ्र. सलोनीने फोटो पाठवून सांगितलं होतं, "वहिनी, एकदम प्लेन व्हाइट. एक डाग नको."

या दोघींचं गूळपीठ इन्स्टाग्रामवर जमलेलं. आयांचं बोलणं बंद, पण चुलत नणंद-भावजयीचं चालू. सलोनी सिल्व्हर पार्कमधून लपूनछपून यायची, केकच्या कडांचे तुकडे खायची आणि जाताना म्हणायची, "मम्मीला सांगू नको हां." आणि आता तिच्या साखरपुड्याला थोरल्या घरातून काय जाणार, तर हा केक. अकरा वर्षांत एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली पहिली वस्तू.

"मी अंघोळ करून येते," ऋतिका म्हणाली. "दहा मिनिटं. खोलीचं दार उघडायचं नाही. कुणीच नाही. बाबा, तुम्ही बघा."

ओटीवरच्या बाकड्यावरून हरिश्चंद्रने हात वर केला. तो अडुसष्टचा, आणि दुपारच्या जेवणानंतर त्याने काही बघावं ही अपेक्षाच चूक होती.

*

द्वारकाने दार उघडलं तेव्हा थंड हवेचा झोत तिच्या गुडघ्यांवर आला आणि तिने दात आवळले.

तीन पांढरे केक तिच्याच पलंगाशेजारी टेबलावर मांडलेले. बाई ग, कसं केलंय पोरीनं! इतका गुळगुळीत तर गवंड्याला गिलावा जमत नाही. केकचा धंदा म्हणजे रिकामा उद्योग, हे तिचं मत. सहा वर्षांत तिने एकदा तोंड भरून सुनेचं कौतुक केलं नव्हतं. आज करावंसं वाटलं, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

तिच्या हातात हळदकुंकवाचा करंडा होता.

ती या घरात आली तेव्हा शशिकांत आठ वर्षांचा होता. सासू अंथरुणाला खिळलेली. द्वारकाने त्याला भरवलं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, मिठागरावर पाय कापला तेव्हा पाठुंगळी घेऊन भाईंदरच्या डॉक्टरकडे पळाली. दीर कुठला, पहिला मुलगाच तो. आणि एक दिवस त्याची बायको म्हणाली, आम्ही सिल्व्हर पार्कला फ्लॅटमध्ये जातोय. तोही म्हणाला, जातोय, वयनी.

ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी टेम्पो अंगणात उभा होता. लहानगी सलोनी पुढे बसलेली. मनोरमा उंबऱ्यात थांबली. घरची सून बाहेर पडते तेव्हा थोरलीने येऊन हळदकुंकू लावायचं, हे काय कोणाला सांगावं लागतं? द्वारका स्वयंपाकघरात पाटावर बसून होती, करंडा मांडीवर. उठली नाही. मनोरमा उंबऱ्यात किती वेळ थांबली, ते तिने आतून ऐकलं होतं. बांगड्या वाजत होत्या. मग वाजायच्या थांबल्या.

हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "माना कुठं ठावं ती कवा गेली." आजच्या साखरपुड्यालाही तिने गुडघ्यांचं कारण पुढे केलं होतं. कुठल्या तोंडाने जायचं?

"घरातून शुभकार्याला जिन्नस चाललाय," ती पुटपुटली, "तो असा पांढऱ्या कपालाचा कसा धाडायचा?"

नवीन फ्रिज आला तेव्हा तिने फ्रिजला लावलं होतं. भूपेशच्या गाडीला लावलं होतं. ऋतिकाच्या ओव्हनलासुद्धा, धंदा आवडत नसताना. तिने वाटीत हळदकुंकू पाण्यात कालवलं, उजव्या हाताची बोटं बुडवली आणि सगळ्यांत मोठ्या केकला, कलशाला ओढतात तशी, खालून वर पाच बोटं ओढली.

बोटं क्रीममध्ये रुतली. फ्रिज कसा टणक असतो. हे तर लोण्यासारखं निघालं. चार रेघा सरळ, खोल आणि लालजर्द उमटल्या. पाचवी आखूड आणि तिरकी. मिठाच्या फावड्याने लहानपणी तिची करंगळी मोडली होती, ती सरळ होत नव्हती.

"अगो बाय," द्वारका म्हणाली.

*

ऋतिकाची किंकाळी ओटीवरच काय, शेजारच्या गल्लीतही गेली असेल.

"आई, हे काय केलंत तुम्ही? काय केलंत?"

"नजर लागू नये म्हनून गो..."

"लोक खातात हे! कुंकू खातात का? एक डाग नको म्हणाली होती ती! अडीच वाजलेत, मला कुठून मिळणार आता..." तिच्या ओल्या केसांतून पाणी टपकत होतं. केकवर पडेल म्हणून ती एकदम मागे सरली आणि भूपेशवर आदळली.

"शांत हो," भूपेश म्हणाला. "आय, तू बाहेर जा बघू."

"नाही, थांबा. मला विचारायचंय." ऋतिकाचा आवाज खाली आला आणि तो जास्त वाईट होता. "काकीचा फोन ऐकलात तुम्ही. तरीपण. तुम्हाला हा केक पोचूच नये असं वाटतंय ना?"

द्वारकाने करंड्याचं झाकण लावलं. एकदा नीट बसलं नाही, पुन्हा लावलं. ती ओटीवर गेली आणि हरिश्चंद्रच्या शेजारी बसली.

"काय झाला?" त्याने डोळे चोळत विचारलं.

"काय न्हाय. झोपा."

आत ऋतिकाने डोळे पुसले आणि सुरी हातात घेतली. रडायला वेळ नव्हता. पुसलं तर लाल पसरून सगळी बाजू गुलाबी होणार. म्हणून एकेक रेघ सुरीच्या टोकाने कोरून काढायची, मग चर भरायचे. पातेल्यात क्रीम उरलेलं वाटीभर. ते पाच चरांना पुरलं, पण जेमतेम. पातळ थर. खालून किंचित लाली दिसतेय की दिसत नाही?

"दिसत नाही," भूपेश म्हणाला.

"तू बघितलंस तरी का?"

"बघितलं. गुलाब लाव ना वर. पुढून खाली येणार होते ते बाजूला आण."

गुलाब हॉलवर लावायचे होते, कारण साखरेचा गुलाब जड असतो आणि नरम क्रीमवर घसरतो. तिला ते माहीत होतं. तरीही तिने सहा गुलाब तिथेच खोचले. आजच्या दिवशी बरोबर काय आणि चूक काय, सगळा घोळ झाला होता.

*

साडेपाचला गाडी निघाली. भूपेशने मागच्या सीट काढून सपाट केलं होतं, त्यावर रबरी मॅट आणि मॅटवर तीन खोकी. एसी हळूहळू थंड होत होता, म्हणजे होतच नव्हता. त्यात हरिश्चंद्र ऐनवेळी धोतर-सदरा घालून, खांद्यावर पंचा टाकून आला आणि मागे खोक्यांपाशी मांडी ठोकून बसला.

"बाबा, तुम्ही सहाला रिक्षाने येणार होतात ना?"

"माजे भावाचे घरचा कार्य हाय. आन खोका धरायला मानूस नको?"

आई येत नाही का, हे भूपेशने विचारलं नाही. आरशात त्याला दिसली ती, अंगणात उभी, गाडीच्या मागे बघत. शेजारी बसलेल्या ऋतिकालाही दिसली असणार. तिने मान खिडकीकडे वळवली.

भूपेशला गाडी चालवायला आवडायची, पण केक घेऊन नाही. रस्त्यावरचा एकेक खड्डा त्याला नावानिशी माहीत होता आणि आज प्रत्येकाची भीती वाटत होती. स्पीडब्रेकर आला की ऋतिका श्वास रोखायची. पुलावर ट्रॅफिक. गोल्डन नेस्टला ट्रॅफिक. पुढे एक रिक्षावाला एकदम आडवा आला आणि भूपेशने ब्रेक न दाबता स्टिअरिंग फिरवलं.

"अबे, दिखता नहीं क्या?"

"तुमको जल्दी है तो उड़ के जाओ ना!" रिक्षावाला.

"केक है अंदर, भाई, केक!"

"तो क्या मैं मोमबत्ती लगाऊं?"

हरिश्चंद्र मागे खो खो हसला. ऋतिका हसली नाही. तिने मागे वळून खोक्याचं झाकण बोटभर उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. दर पाच मिनिटांनी हेच.

"सारखं उघडू नको, गरम हवा जाते," भूपेश म्हणाला.

"मी आईंना फार बोलले का रे?"

त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. आयची बाजू घेतली तर बायको तुटते, बायकोची घेतली तर घरी जायचं असतंच. सहा वर्षं तो असाच दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता.

"बोललीस," तो शेवटी म्हणाला. "पण तिने पण केलं."

"मुदामून न्हाय केला तिनं," मागून हरिश्चंद्र म्हणाला. मग थांबला. "त्या टायमाला केलंला मुदामून. आज न्हाय."

"कुठल्या टायमाला, बाबा?"

म्हाताऱ्याने खोक्यावरचा हात घट्ट केला. हाटकेशचे कारखान्यांचे गाळे सुरू झाले होते, शटर अर्धी खाली, रस्त्यावर पत्र्याच्या पट्ट्या.

हॉल दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट एकच, आणि तिच्यात केटररवाल्यांनी कढया, शेगड्या आणि बर्फाच्या लाद्या भरून वर-खाली चालवलेलं.

"भैया, एक राउंड हमको दो, केक है," भूपेश म्हणाला.

"आधा घंटा लगेगा, साहब. खाना ऊपर नहीं गया तो मालिक चिल्लाएगा."

अर्धा तास या उकाड्यात? ऋतिकाने जिन्याकडे पाहिलं. अरुंद, मध्येच वळणारा, त्यावर डेकोरेशनवाल्यांच्या वायरी. मधला आणि वरचा केक हातात धरून जमला असता. खालचा चार किलोचा, शिवाय पुढचं काही दिसणार नाही इतकं मोठं खोकं.

"दोघं धरू," भूपेश म्हणाला.

"वळणावर तिरका होईल. स्ट्रॉ हलले की संपलं."

हरिश्चंद्रने खांद्यावरचा पंचा काढला. पिळला, गोल गुंडाळला आणि डोक्यावर ठेवला. चुंबळ.

"बाबा, नाही," ऋतिका म्हणाली.

"ठेव माथ्यावर."

"बाबा, केक आहे तो, मीठ नाही!"

"पोरी, पावसालू आभाल आला की भिजलेले बांधावरून दोन मणाची टोपली पलत नेलीय मीनी. यो काय वीतभर रुंद बांध, दोनी बाजूला पानी. कवा सांडला न्हाय. ठेव."

भूपेशने ठेवलं. ऋतिकाने दोन्ही हात तोंडावर धरले. म्हाताऱ्याची मान ताठ झाली, गुडघे किंचित वाकले आणि तो चालायला लागला. खरं तर ते चालणं नव्हतंच. कमरेखालचं सगळं हलत होतं आणि कमरेवरचं काही हलत नव्हतं. पहिल्या वळणाला तो थांबलाही नाही. नुसत्या पायाने वायर चाचपली, ओलांडली आणि पुढे गेला. भूपेशने बापाला मीठ वाहताना कधी पाहिलं नव्हतं. तो जन्मला तोवर हे काम संपत आलं होतं.

*

मनोरमा दाराशी पाहुण्यांना अत्तर लावायला उभी होती. आधी तिला जिन्यातून वर येणारं पांढरं खोकं दिसलं, मग चुंबळ, मग चेहरा.

तिने पदर डोक्यावर ओढला. विचार करून नाही. हातच गेला. मोठे भाऊजी समोर आले की पदर घ्यायचा, हे सोडून अकरा वर्षं झाली होती, पण हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

"दादूस!" शशिकांत धावत आला. "अरे, डोक्यावर काय घेऊन... लाज आणतोस मला! मुलाकडची माणसं आलीत!"

"येऊ दे. तुजे पोरीचा केक हाय. कुठं ठेवू?"

मनोरमाचं एक मन म्हणत होतं, पाया पड. दुसरं म्हणत होतं, ती कुठाय? ती आली नाही ना? मग यांच्या येण्याला काय अर्थ आहे?

"जाऊबाई नाही आल्या?" तिने विचारलंच.

"गुडघं," हरिश्चंद्र म्हणाला आणि दुसरीकडे बघितलं.

गुडघे! तेव्हासुद्धा काय होतं, गुडघेच का? मनोरमाने टेबल कुठे ते बोटाने दाखवलं.

केकचे मजले चढले. सलोनी टाळ्या वाजवत आली, "वहिनी, किती सुंदर!" आणि ऋतिकाच्या गळ्यात पडायला लागली. ऋतिका म्हणाली, "थांब, हात लागेल, थांब." तिच्या कपाळावर घाम होता. हॉलमधला एसी चालू होता, पण दार सारखं उघडत होतं आणि व्हिडिओवाल्याने दोन मोठे दिवे केकवरच रोखलेले.

"वो लाइट बंद करो ना, भैया, क्रीम पिघल रहा है."

"मॅडम, बाद में शॉट नहीं मिलेगा."

"शॉट भाड़ में गया, बंद करो!"

आणि तेवढ्यात पहिला गुलाब घसरला. मग दुसरा. तिसरा टेबलावर पडून फुटला. ऋतिका पुढे झाली तोवर मनोरमा तिथे होती.

गुलाबांच्या जागी पांढऱ्या क्रीममधून लाल रंग फुटून वर आला होता.

"हे काय आहे?"

ऋतिकाने टेबलावरचे गुलाबाचे तुकडे गोळा करायला घेतले.

"मी सांगितलं होतं फोनवर. सांगितलं होतं की नाही?" मनोरमाचा आवाज चढला. चार डोकी वळली. सलोनीचा चेहरा पडला. "माझ्या पोरीच्या साखरपुड्याला असला डागाळलेला केक? कोणी केलं हे? खरं सांग."

रंग फुटला, असं सांगता आलं असतं. नोझल खराब होतं, फूड कलर गळला, काहीही. ऋतिकाच्या जिभेवर आलंही होतं. मग तिला अंगणात उभी असलेली सासू आठवली, करंड्याचं झाकण दोनदा लावणारी.

"आईंनी लावलंय," ती म्हणाली. "हळदकुंकू. घरातून कार्याला चाललेली वस्तू म्हणून. मी खूप बोलले त्यांना. काढायचा प्रयत्न केला, निघालं नाही. चूक माझी आहे, काकी, मी दाराला कडी घालायला हवी होती."

मनोरमा वाकून बघत होती.

चार रेघा सरळ. पाचवी आखूड, तिरकी.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिच्या नव्या कपाटावर अशीच पाच बोटं ओढली गेली होती. सलोनीच्या बाळंतपणात खोलीच्या दारावर. पाळण्यावर. ती पाचवी रेघ तिने कुठेही ओळखली असती. तिच्या डोळ्यांपुढे उंबरा आला. किती वेळ थांबली होती ती तिथे. टेम्पोवाला हॉर्न देत होता, शशिकांत "चल ना" म्हणत होता, आणि ती थांबली होती, आत नुसतं बघत. शेवटी निघाली, उघड्या कपाळाने नव्हे, टिकली होती, पण थोरलीच्या हातचं कुंकू नव्हतं. रस्ताभर रडली होती. शशिकांतला वाटलं, घर सोडलं म्हणून रडतेय.

मागून मुलाचे वडील, गुणवंतभाई, चष्मा सावरत पुढे आले. "शुं थयुं, वेवाण?" त्यांनी वाकून पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर टिळ्याची खूण केली. "अरे वाह! केकने चांदलो कर्यो छे? बहु सारुं! हमारे में भी शुकन के बिना कुछ नहीं निकलता घर से."

मनोरमाने डोळे टिपले.

"भूपेश," ती म्हणाली. "गाडी काढ."

"काकी?"

"जा आन आण तिला." सिल्व्हर पार्कची भाषा तिच्या तोंडातून कधी गळून पडली ते तिलाही कळलं नाही. "गुडघं दुखतात तर उचलून आण. केक ती आल्याबिगर कापायचा न्हाय."

*

जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस, आणि मध्ये आई तयार होणार. ऋतिकाने मनातल्या मनात हिशेब केला. हा केक तेवढा थांबणार नव्हता.

माणसं खुश होती. शशिकांत आणि हरिश्चंद्र एका सोफ्यावर बसून काहीबाही बोलत होते. सलोनी आणि तिचा होणारा नवरा हृतिक फोटो काढत होते. आणि ऋतिका केकपाशी, टेबलफॅन मागवून, बर्फाची परात खाली ठेवून, दर दोन मिनिटांनी मजल्यांच्या कडा बघत. साडेसात झाले. पावणेआठ. व्हिडिओवाला जांभया देत होता. वरचा मजला डावीकडे कलला आहे का? की टेबलच वाकडं आहे? तिने भूपेशला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला.

"पुलावर आहे," तो ओरडला. "आय येतेय. साडी पण नाही बदलली, तशीच बसली गाडीत. म्हणाली, चल लवकर."

आठला पाच कमी असताना दारात गडबड झाली. द्वारका जिना चढून आली होती, लिफ्टची वाट न बघता. घरचंच पातळ, केस विस्कटलेले, कमरेला करंडा खोचलेला. दाराच्या चौकटीला धरून ती धापा टाकत उभी राहिली. आत येईना.

मनोरमा हॉल ओलांडून गेली. दोघी दाराच्या दोन बाजूंना.

"तवा आली न्हाय तू भायेर," मनोरमा म्हणाली.

"न्हाय आले." द्वारकाने श्वास घेतला. "आत बसलेली. ऐकत होते तुजी कांकना. चुकला माजा."

"मी उभी होते गो."

"ठावं हाय माना."

मनोरमाने कपाळावरची टिकली काढली आणि तळहाताला चिकटवून ठेवली.

"केकला लावलंस," ती म्हणाली. "माना कवा लावशील?"

द्वारकाने कमरेचा करंडा सोडवला. झाकण निघेना. मनोरमानेच तिच्या हातावर हात ठेवून ते उघडलं.

त्याच क्षणी केकचा वरचा मजला सरकला. ऋतिकाने झटकन मागून हात लावला आणि तो धरला. थंडगार क्रीम तिच्या बोटांमधून मनगटापर्यंत आलं. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे दाराकडे बघत होते. ती हलली नाही. दोघी जावा दारात रडत होत्या, आणि ऋतिका केक तसाच धरून उभी राहिली.